लो ऑइल प्रेशर : बिघाड इंजिनात की मीटरमध्ये?

संशोधनाची तयारी करताना 'हायपोथिसिस टेस्टिंग' आपण पाठ करतो, पण वापरायची वेळ आली की अडखळतो. आज ते आपल्या ओळखीच्या मशीनवर समजून घेऊ : डिझेल जनरेटर. बुलढाणा जिल्ह्यात दवाखाना, जिनिंग, मंगल कार्यालय, कॉलेजची लॅब, कुठेही तो दिसतोच.

समजा लाईट गेली, जनरेटर सुरू झाला आणि थोड्याच वेळात 'लो ऑइल प्रेशर' दाखवून बंद पडला. आत डीप फ्रीझरमध्ये उणे ८० अंशांवर ठेवलेले नमुने आहेत. अशा घाईत कुणीतरी सेन्सरची वायर काढून जनरेटर चालवायला सांगतो. अलार्म गप्प होतो, पण आजार तसाच राहतो. तेल खरंच पोहोचत नसेल, तर काही मिनिटांत बेअरिंग जळून क्रँकशाफ्ट निकामी होऊ शकतो. नको असलेला डेटा पॉइंट खोडून टाकणं ते हेच.

प्रेशर येतं कुठून?

पंप फक्त तेल ढकलतो. प्रेशर तयार होतं ते पुढच्या अडथळ्यामुळे, म्हणजे बेअरिंग आणि शाफ्टमधल्या केसाएवढ्या फटीमुळे. आपल्याकडे ५० हर्ट्झसाठी चार पोलचा जनरेटर मिनिटाला १५०० फेऱ्यांवर चालतो. वेग स्थिर, म्हणून पंपाचा प्रवाहही जवळपास स्थिर. मग उरतात दोन मुख्य गोष्टी : तेलाचा घट्टपणा आणि फट.

१५डब्ल्यू-४० तेलाची व्हिस्कॉसिटी ४० अंशांना साधारण ११० सेंटिस्टोक्स असते, १०० अंशांना ती १४ च्या आसपास येते. म्हणजे जवळपास आठवा हिस्सा. फटीचा परिणाम तर याहून तीव्र आहे. गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट २५ टक्क्यांनी वाढली की गळती जवळपास दुप्पट, फट दुप्पट झाली की आठपट!

घाटाखाली, म्हणजे खामगाव, शेगाव, मलकापूरकडे, उन्हाळा घाटावरच्या बुलढाण्यापेक्षा कडक असतो. त्यात जिनिंगमधले कापसाचे तंतू रेडिएटरच्या जाळीत अडकले की इंजिन तापतं, तेल पातळ होतं आणि प्रेशर उतरतं. पंपात काहीच बिघाड नसतो.

तपासणीचा क्रम

१. इंजिन बंद ठेवा, पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका. थोडा वेळ थांबून डिपस्टिक बघा. पातळी कमी असेल तर गळती शोधा. तेल दुधाळ दिसलं तर पाणी मिसळल्याचा संशय घ्या.

२. मग मीटरवर शंका घ्या. पातळी ठीक असेल, तर माहीतगार मिस्त्रीकडून ऑइल गॅलरीला साधा मेकॅनिकल गेज लावून घ्या. लोड न देता, बंद करायच्या बटणावर हात ठेवून, अगदी थोडा वेळ इंजिन चालवा. गेज चांगला आकडा दाखवत असेल तर दोष सेन्सरचा किंवा वायरिंगचा. किती प्रेशर 'चांगलं' ते इंजिनच्या मॅन्युअलमध्ये बघा, अंदाजाने ठरवू नका.

३. गेजवरही प्रेशर कमी असेल तर पॅटर्न बघा. सुरुवातीपासूनच कमी : सक्शनची जाळी तुंबलेली, रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकलेला किंवा पंप झिजलेला. थंड असताना ठीक, गरम झाल्यावर कमी : तेल पातळ झालंय किंवा बेअरिंग झिजलंय. काटा थरथरतोय : सक्शनमध्ये हवा शिरतेय.

४. स्वस्त, सोप्या शक्यतेपासून सुरुवात करा आणि एका वेळी एकच बदल करा. तेल, फिल्टर आणि सेन्सर एकदम बदलले, तर जनरेटर सुरू होईलही, पण कारण कळणार नाही. महिन्याभराने तोच अलार्म वाजला की आपण पुन्हा शून्यावर.

लपलेली झीज

रिलीफ व्हॉल्व्ह जास्तीचं तेल परत चेंबरमध्ये सोडून प्रेशर एका मर्यादेत ठेवतो. बेअरिंग हळूहळू झिजत असताना तो कमी तेल सोडतो, त्यामुळे मीटरचा आकडा बराच काळ तोच राहतो. व्हॉल्व्ह पूर्ण बंद झाल्यावरच प्रेशर उतरायला लागतं, तोवर झीज बरीच पुढे गेलेली असते. आपल्या प्रयोगांतही असंच होतं. नियंत्रण करणारी यंत्रणा मध्ये असेल तर 'रीडिंग बदललं नाही' याचा अर्थ 'काहीच बदललं नाही' असा होत नाही.

यावर उपाय म्हणजे लॉगबुक. प्रत्येक वेळी तारीख, चाललेले तास, लोड, तापमान आणि प्रेशर लिहा. सारख्या लोडवर, सारख्या तापमानाला घेतलेल्या नोंदींचीच तुलना करा.

आता एक केस तुमच्यासाठी. थंड इंजिनला प्रेशर ठीक, गरम झाल्यावर खूप कमी. मेकॅनिकल गेजही तेच सांगतोय. डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेच्याही वर गेलंय, कुणी टॉप-अप केलेलं नाही आणि तेल दुधाळ नाही. फक्त बेअरिंग झिजलं असतं तर पातळी वाढली नसती. मग पातळ करणारं असं काय तेलात मिसळलं असेल? आधी डिपस्टिकचा वास घ्या, त्यानंतरच पाना हातात घ्या.