काच पुसावी, पण कोरडी नव्हे

मंडळी, काच कशानं कापतात असं कुणी विचारलं, तर आपण चटकन सांगतो, हिऱ्यानं. ते खरंही आहे. पण काचेवर ओरखडा काढायला हिरा लागत नाही. शेताच्या बांधावर पडलेली साधी गारगोटी पुरते. लहानपणी एकमेकींवर घासून जिच्या ठिणग्या आपण अंधारात पाहायचो, तीच ही गारगोटी.

फ्रीड्रिश मोस नावाच्या जर्मन खनिजशास्त्रज्ञानं १८१२ साली कठीणपणाची दहा पायऱ्यांची एक मोजपट्टी तयार केली. तिच्यात हिरा दहाव्या पायरीवर बसतो आणि गारगोटी सातव्या. काच साडेपाचच्या आसपास येते, आपलं नख अडीचच्या. वरच्या पायरीवरची वस्तू खालच्या पायरीवरच्या वस्तूला ओरखडते, एवढाच त्यातला नियम. आता आपल्या रस्त्यांवरची धूळ म्हणजे काय? माती, आणि तिच्यात मिसळलेले वाळूचे, गारगोटीचे बारीक कण. रात्रभर बाहेर उभ्या असलेल्या मोटारीच्या काचेवर ही धूळ बसते. सकाळी घाईत आपण कोरडं फडकं घेतो आणि दोन हात फिरवतो. त्या क्षणी आपल्या हातात फडकं नसतं, पॉलिशपेपर असतो.

म्हणजे काचेला फडकं ओरखडत नाही, फडक्याखाली सापडलेला कण ओरखडतो. ही एक गोष्ट ध्यानात राहिली, तर पुढचं सगळं आपोआप सुचेल. आमच्या घरी कंदील होते तेव्हा दादी त्यांच्या काचा राखेनं पुसायची. पण ती राख आधी वस्त्रगाळ केलेली असायची. चुलीतली राख तशीच उचलून तिनं कधी काचेला लावली नाही. मोस साहेबांचं नाव तिला ठाऊक नव्हतं, पण राखेत खडा असतो हे ठाऊक होतं.

तुम्ही म्हणाल, बारीकसारीक रेघा आल्या तर काय बिघडलं? गाडी काही त्यामुळे थांबत नाही. दिवसा खरोखर काही बिघडत नाही. खेळ सुरू होतो तो रात्री. समोरून येणाऱ्या वाहनाचा दिवा काचेवर पडला, की यातली प्रत्येक रेघ उजळते. प्रकाश सरळ न जाता चहूकडे विखुरतो आणि काचेवर पांढरं जाळं पसरतं. सूर्य मावळतीला समोर असला, तरी हेच होतं. माझा एक भाचा भाड्याची गाडी चालवतो. रात्री सोलापूरकडे येताना समोरच्या ट्रकच्या उजेडात त्याला दोन सेकंद काही म्हणता काही दिसलं नाही. दिसलं तेव्हा कडेला सायकलवाला होता, अगदी हाताच्या अंतरावर. दोघं वाचले. ताशी ६० किलोमीटर वेगानं गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. दोन सेकंदांचे ३४ मीटर तो आंधळेपणानं गेला होता.

पुढची काच दोन काचांच्या मध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा थर घालून केलेली असते. म्हणून दगड लागला तरी ती तडकते, पण तिचे तुकडे अंगावर उडत नाहीत. त्यामुळे ती फार टणक आहे असा आपला समज होतो. पण वरचा पृष्ठभाग शेवटी काचेचाच. गारगोटीपुढे त्याचं काही चालत नाही.

मग पुसायचं कसं? गाडी सावलीत घ्यावी. तापलेल्या काचेवर पाणी लगेच सुकतं आणि डाग धरतं. शिवाय काचेला आधीची बारीक चीर असेल, तर गार पाण्यानं ती वाढू शकते. वायपर उचलून उभे करावेत. मग वरून, टपाच्या कडेपासून, सावकाश पाणी सोडावं. हात लावू नये. निम्म्याहून अधिक कचरा पाण्याबरोबरच निघून जातो. त्यानंतर बादलीभर पाण्यात थोडासा गाडीचा शाम्पू टाकून मऊ, भिजलेलं मायक्रोफायबरचं फडकं वरून खाली, सरळ रेषेत, न दाबता फिरवावं. गोल गोल घासू नये. फडकं पिळण्यासाठी दुसरी बादली ठेवावी, नाहीतर धुतलेली वाळू पुन्हा काचेवर येते. फडक्याच्या चार घड्या घातल्या, की एक बाजू मळल्यावर दुसरी वापरता येते. आणि फडकं जमिनीवर पडलं, तर ते धुतल्याशिवाय काचेला लावायचं नाही.

पाखरांची घाण, किडे आणि झाडाचा चीक घासून काढू नये. त्यावर ओलं फडकं दहा मिनिटं ठेवावं, डाग मऊ होतो. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके पडले असतील, तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं घेऊन पुसावं आणि लगेच स्वच्छ पाण्यानं धुवावं. रंगावर ते ओघळू देऊ नये. भांड्यांची हिरवी घासणी, तारेची घासणी आणि टूथपेस्ट काचेपासून लांब ठेवाव्यात, कारण त्या घासण्यासाठीच बनवलेल्या असतात. राहिला वर्तमानपत्राचा कागद. धुऊन स्वच्छ झालेल्या काचेवर तो ओला करून फिरवायला हरकत नाही. धुळीवर मात्र नको. तेव्हा ही पुरवणी आधी वाचून घ्यावी.

काचेच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकच्या वाफेचा तेलकट थर बसतो. रात्री तोही धुरकटपणा आणतो. आतून काचेवर फवारा मारण्याऐवजी फडक्यावर मारावा, म्हणजे डॅशबोर्डमध्ये पाणी जात नाही.

पुसण्याइतकाच दोष वायपरचा असतो. आपल्याकडच्या उन्हात रबर कडक होतं, चिरतं, आणि त्याच्या कडेत वाळू अडकते. आठवड्यातून एकदा ओल्या कापडानं ते रबर पुसावं. वर्षातून एकदा, शक्यतो मृगाच्या आधी, बदलून टाकावं. रबर फाटून आतली पट्टी काचेला लागली, तर अर्धगोल ओरखडा कायमचा उमटतो. धुळीच्या काचेवर कोरडा वायपर कधीच चालवू नये. आधी पाण्याची पिचकारी, मग वायपर. पहिल्या पावसाचे चार थेंब पडले, की हा मोह फार होतो. तोच टाळायचा.

पडलेला ओरखडा जातो का? त्यावरून नख फिरवून पाहावं. नख अडकलं नाही, तर सीरियम ऑक्साइडच्या पॉलिशनं तो कमी होऊ शकतो, पण ते जाणकाराचं काम आहे. नख अडकलं, तर घासत बसू नये. तिथं काचेत खळगा होतो आणि पलीकडचा रस्ता वेडावाकडा दिसू लागतो. चालकाच्या नजरेसमोरच असा ओरखडा असेल, तर काच बदललेली बरी.

शेवटी एक सांगतो. पुष्कळ ठिकाणी पहाटे गाड्या पुसायला मुलं येतात. एक बादली, एक फडकं आणि दहा गाड्या. तिसऱ्या गाडीपर्यंत त्या बादलीत पाणी राहत नाही, चिखल राहतो. दोष त्या पोराचा नाही, त्याला दुसरी बादली कुणी दिलेलीच नसते. पाण्याची टंचाई आम्हा सोलापूरकरांना कुणी शिकवायला नको, पण एका काचेला तीन-चार लिटर पाणी पुरतं. तेवढं त्याला द्यावं, आणि एक चांगलं फडकंही. त्यानं पुसलेल्या काचेतूनच रात्री आपल्याला रस्ता पाहायचा असतो, आणि त्या रस्त्यावर कुणीतरी सायकलवरून घरी चाललेलं असतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)