शिकत होतं कोण?

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या व्याख्या जमवण्याचा मला जुना नाद आहे. पाठ्यपुस्तकं, कोश, परिषदांची इतिवृत्तं, सरकारी धोरणांचे मसुदे, जिथे दिसेल तिथून व्याख्या उतरवून घ्यायची आणि शेजारी साल लिहायचं. वही भरत गेली तशी एक गोष्ट लक्षात आली. या व्याख्या बहुतेक वेळा कुणीतरी कुणाकडे तरी काहीतरी मागताना केलेल्या असतात. सर्वांत प्रसिद्ध व्याख्या तर अनुदानाच्या अर्जातच आहे. जॉन मॅकार्थी, मार्विन मिन्स्की, नॅथॅनिएल रॉचेस्टर आणि क्लॉड शॅनन यांनी रॉकफेलर फाउंडेशनसाठी केलेल्या त्या अर्जावर ३१ ऑगस्ट १९५५ ही तारीख आहे, आणि या विषयाचं आजचं नाव तिथूनच रूढ झालं. बुद्धीचं कुठलंही अंग तत्त्वतः इतकं नेमकं वर्णन करता येईल की यंत्राला त्याची नक्कल करता यावी, हे त्यांचं गृहीतक. मागितले होते १३,५०० डॉलर; हाती पडले ७,५००. १९५६ च्या उन्हाळ्यात डार्टमथ कॉलेजात मंडळी जमली, पुढचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे.

मिन्स्कींनी १९६८ मध्ये लिहिलं की जी कामं माणसानं केली तर बुद्धी लागली असं आपण म्हणू, ती यंत्राकडून करवून घेण्याचं हे शास्त्र. स्टुअर्ट रसेल आणि पीटर नॉर्व्हिग यांच्या १९९५ च्या पाठ्यपुस्तकानं चार कप्पे पाडले: माणसासारखा विचार, माणसासारखं वागणं, तर्कशुद्ध विचार, तर्कशुद्ध वागणं. आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या मुलांना हे चार कप्पे तोंडपाठ असतात. आपण काय करणार आहोत हे या व्याख्या चोख सांगतात. समोरच्या यंत्रात बुद्धी आहे की नाही हे ओळखायचं कसं, आणि ते ठरवायचा अधिकार कुणाचा, याबद्दल मात्र त्या फारसं बोलत नाहीत.

त्याबद्दल बोलणारी, माझ्या वहीतली सर्वांत समृद्ध नोंद या अर्जाच्याही साडेतीन वर्षं आधीची आहे. १० जानेवारी १९५२ रोजी बीबीसीच्या स्टुडिओत चार माणसांनी एक चर्चा ध्वनिमुद्रित केली. विषय होता, स्वयंचलित गणनयंत्रं विचार करतात असं म्हणता येईल का. १४ जानेवारीला ती ‘थर्ड प्रोग्रॅम’वरून प्रसारित झाली. चौघांपैकी ॲलन ट्यूरिंग सर्वांना माहीत आहेत. मॅक्स न्यूमन हे त्यांचे केंब्रिजमधले गुरू आणि मँचेस्टरच्या संगणक प्रयोगशाळेमागचा मुख्य माणूस. रिचर्ड ब्रेथवेट केंब्रिजचे तत्त्वज्ञ. चौथे सर जेफ्री जेफर्सन, मेंदूचे शल्यविशारद. संगणकाच्या इतिहासात जेफर्सन यांना एकच भूमिका मिळाली आहे: ट्यूरिंगना विरोध करणारा जुन्या वळणाचा डॉक्टर. ही वाटणी मला फार अन्यायाची वाटते.

जेफर्सन १८८६ चे. पहिल्या महायुद्धात त्यांनी पेट्रोग्राडच्या अँग्लो-रशियन रुग्णालयात काम केलं, नंतर फ्रान्समध्ये डोक्यात गोळ्या लागलेल्या सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या. मानेच्या सर्वांत वरच्या मणक्याच्या फुटीवर त्यांनी १९२० मध्ये लेख लिहिला. आपल्याकडचे अस्थिरोगतज्ज्ञसुद्धा आज तिला ‘जेफर्सन फ्रॅक्चर’च म्हणतात. १९३९ मध्ये ते मँचेस्टरला न्यूरोसर्जरीचे प्राध्यापक झाले, ब्रिटनमधले या विषयाचे पहिले. मेंदूला इजा झाली की माणसाचं काय होतं, त्याची भाषा कशी जाते, स्वभाव कसा बदलतो, हे या माणसानं आयुष्यभर खाटेशेजारी उभं राहून पाहिलं होतं.

वादाला तोंड फुटलं ९ जून १९४९ रोजी. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये जेफर्सन यांनी लिस्टर व्याख्यान दिलं. विषय ‘यांत्रिक माणसाचं मन’. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: एखाद्या यंत्रानं स्वतःला जाणवलेल्या विचारांतून आणि भावनांतून सॉनेट लिहावं, चिन्हं योगायोगानं जुळून आली म्हणून नव्हे, आणि नुसतं लिहून भागणार नाही, आपण ते लिहिलं आहे हे त्याला कळलंही पाहिजे. तोवर यंत्र म्हणजे मेंदू हे मी मान्य करणार नाही. ‘टाइम्स’नं ही बातमी उचलली आणि मँचेस्टरला ट्यूरिंगना गाठलं. ट्यूरिंग म्हणाले की सॉनेटची तुलना बहुधा जराशी अन्यायाची आहे, कारण यंत्रानं लिहिलेल्या सॉनेटची गोडी दुसऱ्या यंत्रालाच अधिक कळेल. हे छापून आल्यावर गदारोळ झाला आणि तो शमवायला न्यूमनना संपादकांना पत्र लिहावं लागलं. पुढच्या वर्षी ‘माइंड’ या नियतकालिकातल्या प्रसिद्ध निबंधात ट्यूरिंगनी जेफर्सन यांचा आक्षेप त्यांच्या नावानिशी घेतला आणि उत्तरादाखल एक काल्पनिक तोंडी परीक्षा रचली: परीक्षक यंत्राला सॉनेटमधल्या एकेका शब्दाच्या निवडीबद्दल खोदून विचारतो आहे, आणि यंत्र समाधानकारक उत्तरं देतं आहे. असं झालं तर जेफर्सनसुद्धा त्याला योगायोग म्हणणार नाहीत, असा ट्यूरिंग यांचा डाव होता.

हा मजकूर वाचून दोघं एकमेकांचे वैरी होते असं वाटावं. तसं नव्हतं. २७ ऑक्टोबर १९४९ रोजी मँचेस्टरच्या तत्त्वज्ञान विभागात मन आणि गणनयंत्र या विषयावर बैठक झाली. बैठक संपल्यावर ट्यूरिंग जेफर्सन यांच्या घरी गेले, शरीरशास्त्रज्ञ जे. झेड. यंगही तिथे होते. त्या रात्रीची आठवण जेफर्सन यांनी पुढे ट्यूरिंग यांच्या आईला लिहिली. हा मुलगा पावसातून सायकल मारत उपाशीपोटी आला, अंगावर पुरेसा नसलेला एक केप आणि डोक्यावर काहीच नाही. मध्यरात्र उलटल्यावर तशाच हिवाळी पावसात पाचेक मैल परत निघाला. यजमानांना काळजी का वाटते आहे हे त्याच्या ध्यानातच येईना, आणि कसलीही मदत त्यानं घेतली नाही. त्याच पत्रात जेफर्सन यांनी ट्यूरिंगना विज्ञानातला शेली म्हटलं. भिजलेल्या, भुकेल्या शरीराची काळजी करणारा डॉक्टर आणि शरीराचा पत्ताच नसलेला गणिती, असं हे चित्र आहे. दोघांच्या वादाचा विषयही नेमका तोच होता: विचाराला शरीर लागतं का?

आता १९५२ च्या त्या चर्चेच्या संहितेकडे. सुरुवातीलाच ब्रेथवेट विचार म्हणजे काय हा प्रश्न काढतात, आणि ट्यूरिंग व्याख्या द्यायला नकार देतात. द्यायचीच झाली, तर डोक्यात चालणारी एक प्रकारची गुणगुण, यापलीकडे मला काही सांगता येणार नाही, असं ते म्हणतात. व्याख्येवर एकमत व्हायची गरजच नाही; मेंदूच्या कुठल्या गुणांची चर्चा करायची आणि कुठल्या नाही, एवढी रेघ ओढली की पुरे. मेंदू गार लापशीइतपत घट्ट असतो, या गोष्टीत आपल्याला रस नाही. यंत्र टणक आहे, म्हणून ते मेंदू नाही आणि म्हणून त्याला विचार करता येत नाही, असं कुणी म्हणू नये. आयुष्यभर ही लापशी स्वतःच्या बोटांनी हाताळलेला माणूस समोर बसलेला असताना ट्यूरिंग हे बोलत होते.

मग ते कसोटी सांगतात: प्रश्नोत्तरांत यंत्रानं माणूस असल्याचं सोंग वठवायचं. १९५० च्या ‘माइंड’मधल्या निबंधातली कसोटी ही नव्हे. इथे ज्युरी आहे, एकटा परीक्षक नाही. ज्युरीतली माणसं यंत्रांची जाणकार नसावीत. यंत्राला सगळ्या युक्त्यांची मुभा: उत्तर द्यायला मुद्दाम वेळ लावावा, शुद्धलेखनाच्या चुका कराव्यात. ज्युरीपुढे अधूनमधून खरी माणसंही आली पाहिजेत, नाहीतर दर वेळी डोळे मिटून ‘यंत्र’ म्हणणं सोपं पडेल. न्यूमन म्हणतात की कुठलाही प्रश्न वर्ज्य नसेल तर यंत्राचा निभाव लागायला फार काळ जावा लागेल. ट्यूरिंग उत्तर देतात: निदान शंभर वर्षं.

हा आकडा फार थोड्या ठिकाणी सांगितला जातो. सगळीकडे सांगतात ते १९५० च्या निबंधातलं भाकीत: पन्नासेक वर्षांत, पाच मिनिटांच्या प्रश्नोत्तरांनंतर, सामान्य परीक्षकाला योग्य ओळख पटण्याची शक्यता ७० टक्क्यांहून जास्त नसेल. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतल्या संशोधकांनी २०२५ मध्ये पाच मिनिटांचीच चाचणी घेतली. माणसाचं सोंग वठवण्याच्या खास सूचना दिलेल्या जीपीटी-४.५ ला ७३ टक्के वेळा माणूस समजलं गेलं. ‘ट्यूरिंग चाचणी पार’ असे मथळे आले. १९५० चं भाकीत उशिरा का होईना खरं ठरलं, हे कबूल. पण १९५२ ची कसोटी, ज्युरीची आणि मोकळ्या प्रश्नांची, वेगळी आहे. तिची मुदत २०५२ ला भरते. मथळे लिहिणाऱ्यांनी कुठली चाचणी तेवढं सांगायला हवं होतं.

संहितेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग मात्र वेगळाच आहे. जेफर्सन आपला मुद्दा मांडतात: माणूस हे मुळात रासायनिक यंत्र आहे. भूक, थकवा, बरं नसणं, कामवासना यांचा त्याच्या विचारावर प्रचंड परिणाम होतो. पोट कसं भरायचं, कर कसा भरायचा, या काळज्या किरकोळ नाहीत. सर्जनशील विचारात त्या थेट ढवळाढवळ करतात. ट्यूरिंग यांचं उत्तर असं की यंत्रावरही अशा गोष्टींचा परिणाम घडवून आणता येईल, पण त्यासाठी झटण्यात त्यांना मुद्दा दिसत नाही.

दुसऱ्या एका वळणावर ट्यूरिंग जवळजवळ व्याख्या करून जातात. मेंदूतली एखादी क्रिया कार्यकारणानं उलगडली की आपण तिला विचार म्हणणं सोडून देतो, तिला हमाली म्हणतो. मग विचाराची व्याख्या अशी करावीशी वाटते की ज्या मानसिक क्रिया आपल्याला समजत नाहीत त्या. तसं असेल तर विचार करणारं यंत्र बनवणं म्हणजे ज्याचं काम नेमकं कसं चालतं हे आपल्याला नीट कळत नाही, असं काहीतरी लक्षवेधी करणारं यंत्र बनवणं. जेफर्सन विचारतात, माणसातली तारजोडणी आपल्याला माहीत नाही असं म्हणायचं आहे का? ट्यूरिंग म्हणतात, मुळीच नाही. आमच्या यंत्राची तारजोडणी आम्हाला माहीत आहे, तरी मर्यादित प्रमाणात तिथेही हे घडतंच आहे. आज अब्जावधी आकड्यांच्या प्रतिमानातला एकेक आकडा वाचता येतो आणि तरी अमुक उत्तर का आलं हे त्याच्या निर्मात्यांनाही पुरतं सांगता येत नाही. त्या परिस्थितीचं इतकं नेमकं वर्णन मला तरी दुसऱ्या कुठल्या जुन्या मजकुरात सापडलेलं नाही.

पुढे ट्यूरिंग सांगतात की अलीकडे ते एका यंत्राला काही अगदी साध्या गोष्टी शिकवत आहेत. यंत्र इतकं हळू शिकतं की शिकवता शिकवता दम निघतो. जेफर्सन मध्येच विचारतात: पण शिकत होतं कोण, तुम्ही की यंत्र? ट्यूरिंग प्रांजळपणे म्हणतात, मला वाटतं, आम्ही दोघंही.

माझ्या मते या विषयातला हा पहिला प्रश्न आहे, आणि तो एका शल्यविशारदानं विचारला. एखाद्या यंत्राच्या कर्तबगारीतलं यंत्राचं किती आणि त्यात ओतलेल्या माणसांच्या श्रमाचं, लिखाणाचं, पसंती-नापसंतीचं किती, हे त्याशिवाय कळत नाही. मिन्स्कींच्या व्याख्येत त्याला जागा नाही. चार कप्प्यांतही नाही.

या चर्चेच्याच वर्षी मँचेस्टरच्या फेरांती मार्क १ या संगणकावर ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी प्रेमपत्रं लिहिणारी आज्ञावली केली. ठरावीक साचे, शब्दांच्या याद्या, आणि त्यातून निवड करायला यादृच्छिक संख्या. त्या संख्या देणारी यंत्रणा मार्क १ मध्ये बसवली गेली होती ती ट्यूरिंग यांच्या आग्रहावरून. पत्राखाली सही ‘एम.यू.सी.’, म्हणजे मँचेस्टर युनिव्हर्सिटी कॉम्प्युटर. जेफर्सन यांनी धास्ती घेतली होती तो योगायोगानं जुळणारा मजकूर तो हाच.

चर्चेचं पुनःप्रसारण २३ जानेवारी १९५२ ला झालं. त्याच दिवशी ट्यूरिंग यांच्या विल्म्स्लोच्या घरी चोरी झाली. चोरीच्या तपासातून पोलिसांना त्यांचे एका पुरुषाशी असलेले संबंध कळले, ३१ मार्चला ते न्यायालयात दोषी ठरले आणि तुरुंगाऐवजी त्यांना वर्षभराचा हार्मोनचा ‘उपचार’ घ्यावा लागला. लैंगिक हार्मोन वागणुकीत किती अनाकलनीय बदल घडवतात हे जेफर्सन यांनी १९४९ च्या व्याख्यानात सांगितलं होतं. वादात शरीराला बाजूला ठेवणाऱ्या माणसाच्या शरीरावरच सरकारनं हात टाकला. ७ जून १९५४ ला ट्यूरिंग गेले. बेचाळिसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर आला होता. जेफर्सन १९६१ पर्यंत होते.

कसोटी ट्यूरिंगनी दिली, म्हणून पाठ्यपुस्तकात त्यांचं नाव आहे आणि ते राहणारच. पण कृत्रिम बुद्धिमत्तेची ओळख करून देणाऱ्या कुठल्याही धड्यात जेफर्सन यांचा प्रश्न शेजारी छापला गेला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. ट्यूरिंग यांची टंकलिखित कागदपत्रं केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या संग्रहात आहेत, आणि ही संहिता जॅक कोपलंड यांनी २००४ मध्ये संपादित केलेल्या ‘द इसेन्शियल ट्यूरिंग’मध्ये छापलेली आहे. ध्वनिमुद्रण मात्र उरलेलं नाही; ट्यूरिंग यांच्या आवाजाचं एकही मुद्रण आज ज्ञात नाही. तेव्हा शिकवणाऱ्यांना एक विनंती. यंदा वर्गात व्याख्या फळ्यावर लिहून देण्याआधी चार विद्यार्थ्यांना उभं करा, संहिता वाटून द्या आणि मोठ्यानं वाचून घ्या. जेफर्सन यांचं काम वर्गातल्या सर्वांत चांगल्या वाचणाऱ्याला द्या.