कचेरीतील इंग्रजी : शब्द कसे वाढवावेत?

मराठी माध्यमातून शिकून नोकरीस लागलेल्या आपल्या मुलामुलींना काम येते, हिशेब येतो. पण इंग्रजी पत्र समोर आले की हात थबकतो. १९६४ साली महाराष्ट्र राजभाषा अधिनियम झाला. शासकीय कारभारात मराठी आली, तरी खासगी कंपन्या आणि बँका यांचा बराच पत्रव्यवहार इंग्रजीतच चालतो. तेथे शब्द न कळल्याने नुसता संकोच होत नाही, नुकसानही होते.

उदाहरणार्थ, 'शो कॉज' नोटीस. ही नोटीस आपल्याकडून लेखी खुलासा मागते. मुदतीत उत्तर दिले नाही, तर आपल्याला काही सांगायचे नाही असे धरले जाऊ शकते. तिच्या प्रतीवर 'रिसीव्ड' लिहून सही केली तर कागद मिळाला एवढेच ठरते. 'अ‍ॅक्सेप्टेड' लिहिले तर मजकूर मान्य आहे असा अर्थ निघू शकतो. एका शब्दाने प्रकरण नोकरीवर बेतते.

मग शब्द वाढवावेत कसे? आमच्या मते नुसत्या याद्या पाठ करून ते टिकत नाहीत. शब्द त्याच्या सोबत्यासह शिकावा. ऑर्डर 'प्लेस' करतात, बिल 'सेटल' करतात, अहवाल 'सबमिट' करतात. 'डिस्कस'पुढे 'अबाउट' लागत नाही.

काही शब्द फसवे असतात. रजा 'सँक्शन' होते म्हणजे मंजूर होते. पण एखाद्या देशावरील 'सँक्शन्स' म्हणजे निर्बंध. प्रस्ताव 'टेबल' करणे म्हणजे ब्रिटिश इंग्रजीत चर्चेस मांडणे, तर अमेरिकन इंग्रजीत बाजूला ठेवणे. आपल्याकडे 'रिव्हर्ट' म्हणजे उत्तर देणे असे समजतात. त्याचा मूळ अर्थ पूर्वस्थितीस परत जाणे असा आहे. म्हणून सरळ 'रिप्लाय' लिहावे.

खिशात एक छोटी वही ठेवावी. कचेरीतील पत्रांतून रोज तीन शब्द, ते ज्या वाक्यात आले त्या पूर्ण वाक्यासह, उतरवावेत. खाली स्वतःचे एक वाक्य लिहावे. आठवड्याने अर्थ झाकून उजळणी करावी. प्रशासनातील शब्दांसाठी भाषा संचालनालयाचा 'शासन व्यवहार कोश' उपयोगी पडतो.

विद्यार्थी मित्रहो, न समजलेला शब्द विचारण्यात कमीपणा नाही. न समजता सही करण्यात धोका आहे. बँकेत, रेल्वेत, कंपनीत नोकरी केलेल्या आपल्या ज्येष्ठ सभासदांनी रविवारी एक तास मुलांसोबत बसून जुनी पत्रे वाचली, तर हे काम घरच्या घरी होईल.