जुना डॉक, नवा आयपॅड: जमतं का?

अलेसिसचा पहिला आयओ डॉक आठवतोय? आयपॅड आत सरकवायचा की झालं रेकॉर्डिंग सुरू! माइक-गिटारसाठी 2 कॉम्बो इनपुट, कंडेन्सर माइकसाठी 48 व्होल्टची फँटम पॉवर, वर मिडी. घडण प्लॅस्टिकची, पण कामाला चोख.

घोडं अडतं ते कनेक्टरपाशी. डॉकमध्ये 30 पिनांचा प्लग आहे आणि ॲपलने 2012 मध्ये लायटनिंग आणलं. ॲपलच्या 30-पिन ते लायटनिंग अडॅप्टरमधून यूएसबी सिग्नल आणि चार्जिंग जातं, व्हिडिओ मात्र नाही; त्यामुळे डॉकचं व्हिडिओ सॉकेट विसरा. अडॅप्टर घेणारच असाल तर केबलवाला घ्या. ठोकळ्यासारखा लावला की आयपॅड खाचेत बसतच नाही, बाहेर डोकावत राहतो. आणि आधी कुणाचा तरी उसना आणून आवाज येतो का ते बघा, मगच पैसे घाला.

यूएसबी-सी आयपॅड असेल तर अडॅप्टरला अडॅप्टर जोडायच्या फंदात पडूच नका. त्यापेक्षा ‘क्लास कंप्लायंट’ ऑडिओ इंटरफेस घ्या, ड्रायव्हरची भानगड नाही. माझं मत विचाराल तर डॉक विकू नका: एखादा जुना आयपॅड त्यातच कायमचा बसवून टाका.