थुनेरची साल

बद्रीकेदारची यात्रा करून आलेल्यांना देवदार हटकून आठवतो. थुनेर मात्र कुणाला आठवत नाही. तो मोठ्या झाडांच्या सावलीत अंग चोरून उभा असतो. सहा ते अकरा हजार फुटांवर वाढणारा हा सदाहरित सूचिपर्णी वृक्ष. पाने चपटी, गर्द हिरवी, साल तांबूस. काश्मिरात त्याला बिरमी म्हणतात. चिडाच्या झाडासारखी लाकडी फळे याला येत नाहीत. मादीझाडाला लालचुटूक गराची इवलीशी वाटी येते आणि तीत एकच बी. गर तेवढा निर्विष, बाकी बी, पाने सारे जहरी! पाखरे गर खाऊन बी टाकून देतात. ते रुजायलाच दीड-दोन वर्षे लागतात आणि पुढची वाढही अशी संथ, की आजोबांनी लावावे नि नातवाने खोड पाहावे.

पहाडी लोक याच्या सालीचा चहा करून पितात. (वाचकांनी तो प्रयोग घरी करू नये!)

या सालीला भाव आला तो मात्र सातासमुद्रापलीकडे. १९६२ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील अरण्यातून थुनेरच्या एका भाऊबंदाची साल तपासणीसाठी गोळा करण्यात आली. मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघा शास्त्रज्ञांनी तिच्यातून कर्करोगाच्या पेशींना मारणारे द्रव्य वेगळे काढले व १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. तेच टॅक्सॉल. हे वाणी आपल्या खानदेशातले, नंदुरबारचे; मुंबई विद्यापीठात शिकलेले! पेशी दुभंगताना तिच्या आत सूक्ष्म नळ्यांचा सांगाडा उभा राहतो आणि मोडतो. टॅक्सॉल तो मोडूच देत नाही, आणि पेशी तिथेच अडकून मरते. १९९२ मध्ये अमेरिकेत अंडाशयाच्या कर्करोगावर ते देण्यास परवानगी मिळाली. पुढे स्तनाच्या कर्करोगावरही. किती घरांतली आई त्यामुळे परत आली असेल!

पण एक किलो टॅक्सॉलला सुमारे दहा हजार किलो साल लागे, आणि साल सोलली की झाड मेलेच. पुढे पानांतल्या द्रव्यापासून औषध करण्याची युक्ती निघाली. बेताने पाने खुडली तर झाड जगते. हिमालयात बेत राहिला नाही. फांद्याच्या फांद्या खाली आल्या, साली सोलल्या गेल्या. १९९५ पासून या झाडाच्या परदेशी व्यापारावर निर्बंध आहेत. आता कारखान्यातल्या टाक्यांत थुनेरच्या जातीच्या पेशी वाढवूनही टॅक्सॉल मिळवतात. डोंगरावर मात्र रोपे करायची तर बियांची वाट पाहत बसण्यापेक्षा फांदीची कलमे लावतात. त्यांना मुळे फुटायलाही काही महिने जातात.