बागेतील मोरवेल : लागवड व निगा

थंड देशांतील उद्यानांत ‘क्लेमॅटिस’ या वेलीस मोठा मान आहे. तिच्या मोठ्या फुलांच्या जातींना कडक थंडीतील विश्रांती लागते. ती रत्नागिरीच्या उष्ण, दमट हवेत मिळत नाही. परंतु त्याच वंशातील मोरवेल सह्याद्रीच्या रानात आपोआप वाढते व हिवाळ्यात पांढऱ्या फुलांनी बहरते.

येथे वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जांभ्याच्या कातळात खणलेल्या खड्ड्यात पाणी साचून मुळे कुजतात. म्हणून निचऱ्याच्या जागी शेणखतमिश्रित मातीचा उंचवटा करून रोप लावावे. बुडाशी पाचोळ्याचे आच्छादन घालावे. शेंड्यास मात्र ऊन मिळावे. ही वेल पानांच्या देठांनी आधारास विळखा घालते. म्हणून जाड खांबापेक्षा तारेचा वा बारीक काठ्यांचा मांडव बरा.

आंब्याच्या कलमाजवळ ती लावू नये. वेल कलमावर पसरल्यास सूर्यप्रकाश अडून मोहोर कमी येतो. फुले सरताच, पिसांसारखे बी वाऱ्यावर उडण्यापूर्वी, छाटणी करावी. हिचा रस लागल्यास कातडीवर फोड येतात. यास्तव छाटताना हातमोजे घालावेत आणि तोडलेली वेल गुरांपुढे टाकू नये.