वाढीव अक्षरं माफ

निन्टेंडोच्या जुन्या खेळांपैकी माझा जीव मारिओपेक्षा टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषांवरून केलेल्या कॅसेटींत अधिक अडकलेला आहे. दिसायला ओबडधोबड, खेळायला कंटाळवाण्या. आपल्याकडे नव्वदीत ‘व्हिडिओ गेम’ म्हणून जी नकली यंत्रं घरोघरी आली, त्यांच्या कॅसेटींत मारिओ होता, काँट्रा होता, पण ‘जेपर्डी!’ या अमेरिकी प्रश्नमंजूषेवरचा खेळ मला कधी दिसला नाही. अमेरिकेचं सामान्यज्ञान सोडवायला इथे घेतलं तरी कोणी असतं?

मूळ कार्यक्रमाची उलटी रीत बहुतेकांना ठाऊक असते: उत्तर समोर येतं, स्पर्धकाने प्रश्न सांगायचा. ही कल्पना निर्माते मर्व्ह ग्रिफिन यांना त्यांच्या पत्नी ज्युलॅन यांनी एका विमानप्रवासात सुचवली. स्पर्धकांना आधीच उत्तरं पुरवल्याच्या प्रकरणांनी अमेरिकेतल्या प्रश्नमंजूषा तेव्हा बदनाम झाल्या होत्या. ‘ट्वेंटी-वन’ गाजवणाऱ्या चार्ल्स व्हॅन डोरेन यांनी तर 1959 मध्ये संसदीय समितीपुढे कबुलीच दिली होती. मग उत्तरं उघडपणेच देऊन टाकू, असं ज्युलॅन यांचं म्हणणं. 30 मार्च 1964 रोजी एनबीसीवर ‘जेपर्डी!’ सुरू झाला. 1984 पासून ॲलेक्स ट्रेबेक त्याचे सूत्रधार झाले आणि पुढची कथा सर्वश्रुत आहे.

कॅसेट आली 1988 मध्ये. प्रकाशक अमेरिकेतली गेमटेक, पण खेळ घडवला तो इंग्लंडमधल्या लेस्टरशरमधल्या ट्वायक्रॉस या खेड्यातल्या ‘रेअर’ने. ‘डाँकी काँग कंट्री’ आणि ‘गोल्डनआय’ करून हीच कंपनी पुढे जगप्रसिद्ध झाली. तेव्हा मात्र ती पडेल ती कंत्राटी कामं झपाट्याने उरकत होती.

या कामात खरी मेख होती ती उत्तर तपासण्याची. ‘कौन बनेगा करोडपती’सारखे चार पर्याय ‘जेपर्डी!’त नाहीत. खेळणाऱ्याने उत्तर स्वतः लिहायचं, तेही कीबोर्डशिवाय: हातातल्या चौफुलीने पडद्यावरच्या एकेका अक्षरापर्यंत जायचं, बटण दाबायचं, आणि तोवर वेळ संपत आलेली. कोणी स्पेलिंग चुकवणार, कोणी नावाआधी आडनाव लिहिणार, कोणी मागेपुढे शब्द जोडणार. टीव्हीवर अशा वेळी निवाडा द्यायला परीक्षक बसलेले असतात. इथे 2 किलोबाइट कार्यस्मृतीचं यंत्र.

रेअरच्या प्रोग्रॅमरांनी काढलेला तोडगा मला त्या सगळ्या कॅसेटीत सर्वात देखणा वाटतो. बरोबर उत्तराची अक्षरं त्याच क्रमाने सापडली की झालं. मधली वाढीव अक्षरं माफ. मराठीत बोलायचं तर उत्तर ‘सातारा’ असताना तुम्ही ‘सासवड ताम्हिणी रायगड’ लिहिलंत, तरी सा, ता, रा क्रमाने मिळाल्यामुळे पैसे तुमचेच!

ही उदारता पुढे हौशी मंडळींच्या हाती लागली. एम्युलेटरवर एकेक फ्रेम थांबवून त्यांनी अख्खा खेळ असा खेळून दाखवला, की उत्तराच्या जागी निरर्थक अक्षरं आणि वात्रटपणा, आणि पडद्यावरचं यंत्र दरवेळी निमूटपणे पैसे जमा करतंय. लोक हसतात ते प्रोग्रॅमरांच्या भाबडेपणाला. मला हे हसणं अन्यायाचं वाटतं. अडाण्याला एखाददुसरा गुण फुकट गेला तरी चालेल, पण येणाऱ्याचा गुण स्पेलिंगपायी जाऊ नये, अशी ती निवड आहे. आणि घरात बसून खेळायच्या खेळाला ती शोभते.

खुद्द टीव्हीवर याच्या उलट घडलं. 2013 मध्ये लहान मुलांच्या स्पर्धेत बारा वर्षांच्या एका मुलाने शेवटच्या फेरीत ‘इमॅन्सिपेशन प्रोक्लमेशन’ हे अचूक उत्तर लिहिलं, फक्त पहिल्या शब्दात एक ‘टी’ जादा पडला. लेखी उत्तरातलं स्पेलिंग चुकलं तर चालतं, पण उच्चार बदलता कामा नये, हा कार्यक्रमाचा नियम. परीक्षकांनी उत्तर नाकारलं, पणाला लावलेले 3,000 डॉलर गेले. पहिला स्पर्धक इतका पुढे होता की निकाल बदलला नसताच. तरीही देशभर गदारोळ झाला. नियमावर बोट ठेवून परीक्षक बरोबर ठरतात. मला तो निवाडा कद्रूपणाचाच वाटतो.

कॅसेटीचा नियम त्या शब्दाला लावून पाहा. वाढीव ‘टी’ वगळला की बाकी सगळी अक्षरं जागच्या जागी मिळतात. 1988 च्या यंत्राने तो शब्द मान्य केला असता.

1 जानेवारी 2018 च्या भागात दुसरा तंटा झाला. कूलियोचं गाणं आणि मिल्टनचं महाकाव्य जोडून ‘गँगस्टाज पॅरडाइज लॉस्ट’ म्हणायचं होतं. स्पर्धक ‘गँगस्टर्स’ म्हणाला. आधी मिळालेले 1,600 डॉलर परत गेले, शिवाय तेवढाच दंड, म्हणजे 3,200 चा फटका. हे उत्तर अक्षरांत मांडलं तर ‘ए’च्या जागी ‘ई-आर’ येतात आणि क्रम तुटतो. इथे रेअरच्या यंत्रानेही परीक्षकांचीच री ओढली असती.